निवाऱ्याची निवड

आल्प्सच्या उतारांवर स्कीइंगसाठी आठवडाभर जाऊ इच्छिणारे कुटुंब, मग ते लंडनचे असो, हॅम्बुर्गचे असो, वा नोकरीच्या निमित्ताने म्युनिक किंवा झुरिक येथे स्थायिक झालेले आपल्याकडील असो, मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी जी चौकशी करते ती सर्वस्वी रास्त असते. दारापासून लिफ्ट किती पावलांवर आहे, गाव किती उंचीवर आहे आणि मार्चअखेर तेथे बर्फ टिकतो की नाही, ओले बूट रात्रीतून वाळवण्याची सोय आहे काय, मुलांना पहिले धडे देणारी स्कीची शाळा जवळ आहे काय, जेवण यजमानाकडे घ्यावे की भाड्याच्या घरात आपले आपण शिजवावे, या प्रश्नांना मी क्षुल्लक समजत नाही. परक्या मुलखात, कडाक्याच्या थंडीत, लहान मुले बरोबर घेऊन राहणाऱ्याने अशी चौकशी न करणे हा बेजबाबदारपणाच होईल. परंतु या सर्व चौकशीच्या मुळाशी एक गृहीत असते, ते असे की निवारा ही आपण पसंत करावयाची वस्तू आहे, आणि तिचे मोल चुकते केले की देणेघेणे संपले. पर्वतांच्या इतिहासात हे गृहीत अगदी अलीकडचे आहे. ज्या खिंडींच्या आसपास आज स्कीइंगची गावे वसली आहेत, तेथे शतकानुशतके निवारा कोणी निवडत नसे. तो लाभे, आणि न लाभल्यास माणूस मरे. या दोन अवस्थांमध्ये जे अंतर पडले ते केवळ सुखसोयीचे आहे, की त्यात धर्माचाही काही अंश गमावला गेला, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस व्याकुळ करीत आला आहे, आणि त्याचा विचार करताना मन वारंवार एका विशिष्ट घराकडे जाते.

स्वित्झर्लंडचा वाले प्रांत आणि इटलीतील आओस्टाचे खोरे यांना जोडणारी ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे २,४७० मीटर उंच आहे. रोमन अमदानीत तेथे ज्युपिटरचे देवालय होते, आणि वाट सुखरूप पार पडावी म्हणून प्रवासी त्या देवाला अक्षरे कोरलेले ब्राँझचे लहान पत्रे वाहत. त्यांपैकी कित्येक उत्खननात हाती लागले आहेत. पुढे रोमन बंदोबस्त मोडला, देवालय पडले, आणि वाट लुटारूंची झाली. क्लूनीच्या सुविख्यात मठाचा महंत मायोलस ९७२ साली याच मार्गावर सारासेन टोळीच्या हाती सापडला आणि मठाला मोठी खंडणी भरून त्याची मुक्तता करावी लागली. अशा या बदनाम वाटेच्या माथ्यावर, सुमारे १०५० साली, आओस्टाच्या कॅथीड्रलमधील बर्नार्ड नावाच्या धर्माधिकाऱ्याने वाटसरूंसाठी एक घर बांधले. आज त्या घराची व्यवस्था ऑगस्टिनियन परंपरेतील व्रतस्थांकडे आहे, आणि जवळजवळ हजार वर्षे त्या घराचा दरवाजा प्रवाशांसाठी उघडा राहिला आहे. १९६४ साली खिंडीच्या पोटातून बोगदा निघाला तेव्हापासून वाहने खालूनच जातात; वरचा रस्ता वर्षातून निम्म्याहून अधिक काळ बर्फाखाली असतो. त्यामुळे हिवाळ्यात तेथे मुक्काम करू इच्छिणाऱ्याला बोगद्याच्या तोंडाशी मोटार सोडून, स्कींच्या तळाला चढावर धरून ठेवणारे केसाळ पट्टे लावून किंवा बर्फातले रुंद जोडे घालून, दोनतीन तास चढावे लागते; आणि त्या वाटेचा एक भाग ज्या घळीतून जातो तिला हिमप्रपातांमुळे मृतांची दरी हे नाव पडले आहे. युरोपातील एक अतिप्राचीन धर्मशाळा अशा रीतीने स्कीइंग करणाऱ्यांचेही मुक्कामाचे ठिकाण झाली आहे.

त्या घराची जगात कीर्ती झाली ती तेथील कुत्र्यांमुळे. त्यांतल्या बॅरीने चाळीसहून अधिक माणसे वाचवल्याचे सांगतात, आणि त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. परंतु माझ्या मते त्या घराचा धर्म ज्या इमारतीत सर्वांत स्पष्ट दिसे ती म्हणजे शेजारची लहानशी दगडी प्रेतशाळा. माथ्यावरची जमीन खडकाळ आणि गोठलेली. तेथे कबर खणणे दुरापास्त. म्हणून बर्फात सापडलेली प्रेते त्या इमारतीत ठेवीत, कारण तेथील कोरड्या थंड हवेत ती बराच काळ ओळखण्याजोगी राहत आणि कधीकाळी शोध घेत येणाऱ्या आप्ताला आपले माणूस सापडण्याची आशा उरे. दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी मरण आले म्हणून वाटसरूचे पाहुणेपण संपत नाही, ही या व्यवस्थेमागची श्रद्धा होय. आणि आतिथ्याचा विचार इतक्या टोकापर्यंत नेऊन आचरणात आणणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या घराच्या ब्रीदाचा आशय असा आहे की येथे ख्रिस्ताची उपासना होते आणि येथेच त्याला अन्न दिले जाते. म्हणजे दारात उभा राहिलेला भुकेला मनुष्य आणि वेदीवर पुजला जाणारा प्रभू यांत ते घर भेद मानत नाही. सेंट बेनेडिक्टच्या नियमावलीतही पाहुण्याचे स्वागत ख्रिस्त समजूनच करावे असे सांगितले आहे. आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदात गुरू घरी परतणाऱ्या शिष्याला माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथीला बसवून त्या चौघांनाही देव मानण्याची आज्ञा करतो. दोन अगदी भिन्न धर्मपरंपरा येथे एका ठिकाणी येतात हे खरे. तथापि या साम्यावर समाधान मानून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण या आज्ञेचा जो कठीण भाग आहे त्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. पाहुण्याला देव मानणे याचा अर्थ त्याची निवड करण्याचा हक्क यजमानाने सोडून देणे असा होतो. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनची सुमारे चाळीस हजारांची फौज त्या खिंडीतून इटलीत उतरली, तेव्हा दारावरून जाणाऱ्या शिपायांना व्रतस्थांनी भाकर, चीज आणि द्राक्षमद्य दिले. ही फौज धर्मसंस्थेला अनुकूल होती म्हणून दिले असे म्हणता येणार नाही. ती दारात आली आणि थंडीत होती, एवढेच कारण पुरेसे होते. वाटसरूने घर निवडलेले नाही आणि घराने वाटसरू निवडलेला नाही, या दुहेरी अभावातून तेथे एक नाते उत्पन्न होते, आणि ते नाते पवित्र असते.

हेच ऑस्ट्रियातील आर्लबर्गच्या खिंडीबद्दल म्हणता येईल, निदान तिच्या आरंभाबद्दल तरी. केम्प्टनचा हाइनरिख हा टाकून दिलेले मूल म्हणून वाढलेला गुराखी. खिंडीत गोठून मेलेल्या आणि पक्ष्यांनी डोळे टोचलेल्या माणसांची प्रेते खाली आणलेली त्याने पाहिली, ती त्याला सहन होईनात, आणि १३८६ साली ड्यूक लिओपोल्डची परवानगी मिळवून, स्वतःच्या पंधरा गिल्डरांच्या शिलकीवर त्याने तेथे धर्मशाळा बांधण्यास आरंभ केला. पुढे या कामासाठी सहायक बंधुसंघ स्थापन झाला. दूरदूरच्या सरदारांनी देणग्या दिल्या आणि आपली कुलचिन्हे त्याच्या वह्यांत रंगवून घेतली. त्याच घरात १९०१ साली आर्लबर्गचा स्की क्लब स्थापन झाला, १९५७ साली जुनी इमारत आगीत भस्मसात झाली, आणि आज त्या जागी एक अत्यंत आलिशान हॉटेल आहे. बंधुसंघ अद्याप जिवंत आहे आणि गरजू कुटुंबांना मदत करतो, याचा मला आदर वाटतो. तरीही जो भेद पडला तो पडलाच: दान एका दाराने बाहेर जाते आणि पाहुणा दुसऱ्या दाराने आत येतो, आणि देणारा व घेणारा एका मेजाशी कधी बसत नाहीत.

निवारा निवडण्याची रीत पर्वतात कशी रूढ झाली याची हकीकत पाहू जाता ती एका धर्मोपदेशकापाशी, आणि त्याच्याद्वारे थेट मद्रास इलाख्यापाशी येऊन पोहोचते, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. हेन्री लन हा मेथॉडिस्ट पंथाचा उपदेशक आणि वैद्य. तो १८८७ साली मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात आला. त्याचा मुलगा आर्नल्ड १८८८ साली मद्रास येथे जन्मला. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे हेन्रीला लवकरच परतावे लागले. परंतु जे पाहिले त्याने तो अस्वस्थ झाला होता, आणि मायदेशी गेल्यावर त्याने उघडपणे लिहिले की मिशनरी लोक येथे साहेबी थाटाच्या बंगल्यांत राहतात, आणि त्या राहणीमुळेच ज्यांना उपदेश करावयाचा त्या लोकांपासून तुटतात. त्यावर मिशनमध्ये मोठे वादळ उठले आणि चौकशीसाठी समिती नेमावी लागली. म्हणजे धर्मनिष्ठ माणसाने कोठे राहावे, कोणत्या घराच्या भिंती त्याला माणसांपासून दूर नेतात, हा प्रश्न लनने आपल्या भूमीवर, आपल्या लोकांकडे पाहून विचारला होता, आणि तो विचारण्याची किंमत स्वतः मोजली होती.

पुढे १८९२ साली याच लनने आल्प्समधील ग्रिंडेलवाल्ड येथे निरनिराळ्या चर्चपंथांच्या ऐक्यासाठी परिषद भरवली. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभे राहणारे धर्मोपदेशक एका हॉटेलात उतरले, एकत्र जेवले, एकत्र डोंगर चढले. या परिषदांसाठी प्रवासाची आणि मुक्कामाची जी तजवीज करावी लागली तिच्यातून त्याचा प्रवासाचा व्यवसाय उभा राहिला. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, इंग्लंडच्या विशिष्ट शाळांत शिकलेल्या लोकांचा एक क्लब काढून, हिवाळ्यासाठी आल्प्समधील संपूर्ण हॉटेले केवळ त्या सभासदांकरिता राखून ठेवण्याचा शिरस्ता त्याने पाडला. ज्या म्युरेन गावात १९२२ साली आर्नल्ड लनने आधुनिक स्लालम शर्यतीचा पाया घातला, ते गाव हिवाळी पाहुण्यांसाठी खुले होण्यास हीच व्यवस्था मुख्यतः कारण झाली. 

मद्रासेत बंगल्याच्या भिंतींवर आक्षेप घेणाऱ्या माणसाने आल्प्समध्ये शाळेच्या दाखल्यावर उघडणारे दार बसवावे, हे पाहून त्याला दूषण देण्याची इच्छा मला होत नाही. उलट त्यात एक अतिशय मानवी आणि अतिशय गंभीर पेच मला दिसतो. ग्रिंडेलवाल्डचा समागम घडला तो निवडलेल्या माणसांचा होता म्हणूनच घडला; समानशील मंडळी एका छपराखाली आली म्हणून त्यांच्यात संवाद झाला. मुक्काम निवडताना आपणही बहुतेक वेळा संगत निवडत असतो, मग तोंडाने आपण लिफ्टचे अंतर विचारीत असलो तरी. चांगली संगत शोधावी हे तर आपल्या संतांनी जन्मभर सांगितले. तेव्हा संगतीचा धर्म आणि निवाऱ्याचा धर्म हे दोन वेगळे धर्म आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि ते एकमेकांच्या आड येतात, असे मानण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही. संगतीला दार असावे लागते. निवाऱ्याला ते असून चालत नाही.

आणि निवाऱ्याने संगतीचा नियम उचलला म्हणजे काय होते याचा दाखला त्याच पर्वतांत आहे. जर्मन व ऑस्ट्रियन गिर्यारोहक मंडळाने उंच डोंगरांवर शेकडो विश्रामगृहे बांधली होती. वादळात सापडलेल्या कोणालाही तेथे आसरा मिळावा ही त्यांच्यामागची मूळ भावना. १९२१ साली व्हिएन्नातील एका बलाढ्य शाखेने सभासदत्व केवळ आर्यांसाठी राखून ठेवण्याचा ठराव केला. दाराबाहेर पडलेल्या ज्यू गिर्यारोहकांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी डोनाउलांड नावाची स्वतंत्र शाखा काढली, तर १९२४ च्या अखेरीस त्या शाखेलाच मंडळातून काढून टाकण्यात आले, आणि अनेक विश्रामगृहांच्या दारांवर ज्यूंनी येथे येऊ नये अशा पाट्या लागल्या. नाझी राजवट येण्याला त्या वेळी कित्येक वर्षांचा अवकाश होता. कोणत्याही सरकारचा हुकूम नव्हता. दोन अडीच हजार मीटर उंचीवरच्या घराने आपला पाहुणा स्वतः निवडला होता. हे वाचताना महाराष्ट्रातील माणसाला बडोद्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अमेरिकेतून आणि इंग्लंडातून विद्या संपादून नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या डॉ. आंबेडकरांना तेथे उतरण्यास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सराईत राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना संध्याकाळच्या आत निघून जाण्यास बजावले. मुक्काम निवडण्याची मुभा ज्याला आहे त्याने हे ध्यानात ठेवावे की ती मुभा सर्वांना कधीच नव्हती, आणि जेथे ती एकाला असते तेथे पुष्कळदा दुसऱ्याला नाकारलेली असते.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो, आणि तो मला सहज टाळण्यासारखा वाटत नाही. सेंट बर्नार्डच्या दारात येणारा अकराव्या शतकातील यात्रेकरू किंवा फेरीवाला निरुपायाने येई. आजचा स्कीइंग करणारा केवळ आनंदासाठी, घरी सुखात राहण्याची सोय असताना, आपण होऊन संकटाच्या वाटेवर जातो. मग निराश्रितासाठी केलेल्या व्यवस्थेवर त्याचा हक्क पोहोचतो काय? ज्याने न येणे शक्य होते तो अतिथी कसा? मला वाटते, कठोपनिषदातील नचिकेत याचे अर्धे उत्तर देतो. बापाच्या रागाच्या शब्दावरून तो यमाच्या घरी गेला, यम घरी नव्हता, आणि तो पोरगा तीन रात्री उपाशी राहिला. परत आलेल्या यमाने, तू का आलास, तुझी वेळ झाली नव्हती, असा खुलासा मागितला नाही. माझ्या दारात तू तीन रात्री अन्नावाचून काढल्यास, म्हणून माझ्याकडे तुझे तीन वर लागतात, एवढाच त्याचा हिशेब होता. यजमानाचे ऋण पाहुण्याच्या उपवासातून निर्माण होते, पाहुण्याच्या येण्याच्या कारणातून नव्हे. प्रत्यक्ष मृत्यूच्या घरी जर हा दस्तूर पाळला गेला, तर बर्फात वाट चुकलेल्या हौशी माणसाला, तू हौसेने आलास, असे कोणी म्हणू नये.

पण हे उत्तर यजमानाच्या बाजूचे झाले. पाहुण्याच्या बाजूचे उत्तर नचिकेताच्या वागण्यात आहे. पहिला वर त्याने मागे राहिलेल्या बापाचा राग शांत व्हावा म्हणून मागितला. आणि पुढे यमाने हत्ती, घोडे, अप्सरा, दीर्घायुष्य असे सर्व काही देऊ केले असता ते बाजूस सारून तो आपल्या प्रश्नाला चिकटून राहिला. श्रेय आणि प्रेय यांतील निवडीचा प्रसिद्ध उपदेश याच प्रसंगानंतर येतो. या उपदेशाचा अर्थ ऊन पाण्याच्या स्नानगृहाऐवजी गारठलेली सामायिक खोली पत्करावी असा कोणी लावला, तर तो मला मान्य नाही. कष्टाला स्वतःचे असे पुण्य नसते, आणि दिवसभर बर्फात दमलेल्या शरीराला ऊब देणे हा काही अपराध नव्हे. शार्लोत पेरियाँ या वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रान्समधील लेझ आर्क येथे स्कीइंगसाठी येणाऱ्यांची घरे आखली, तेव्हा स्वयंपाकाचा ओटा बैठकीच्या खोलीतच ठेवला, जेणेकरून रांधणारी व्यक्ती इतरांपासून तुटू नये. त्या सोयीच्या, आधुनिक, भाड्याच्या घरात मला आतिथ्याचा विचार कित्येक मठांहून अधिक जागा दिसतो. खोली थंड आहे की उबदार याने निकाल लागत नाही. आपण तेथे राहिल्याने कोणाचे दार बंद होते, हे पाहावे लागते.

आणि ती दारे आज खरोखर बंद होत आहेत. आल्प्समधील अनेक गावांत धनिकांनी घेतलेली घरे वर्षातले बहुतेक आठवडे कुलूपबंद असतात. जागेचे भाव त्यामुळे चढतात, आणि लिफ्ट चालवणारा, खोल्या झाडणारी, शाळेत शिकवणारा यांना त्याच गावात बिऱ्हाड मिळेनासे होते. ११ मार्च २०१२ रोजी स्विस मतदारांनी, अगदी थोड्या मताधिक्याने का होईना, कोणत्याही गावात अशा दुय्यम घरांचे प्रमाण वीस टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असा निर्बंध घटनेत घातला. हा मामला अर्थकारणाचा म्हणून चर्चिला गेला. माझ्या मते तो तितकाच आतिथ्यधर्माचा आहे, कारण ज्या घरात कोणी राहत नाही आणि कोणाला राहू दिले जात नाही, ते उतारावर कितीही शोभून दिसले तरी त्या उताराचे ऋणकोच राहते. म्हणून मला कोणी विचारले तर मी सांगेन की ज्या घराचा मालक बाराही महिने त्याच गावात राहतो, ज्याची मुले तेथील शाळेत जातात, अशा घरी उतरावे, मग लिफ्टपर्यंत दहा मिनिटे अधिक चालावे लागले तरी हरकत नाही. आणि ज्यांच्या अंगी कसब आहे व बरोबर जाणता वाटाड्या आहे, त्यांनी आठवड्यातील एखादी रात्र तरी अशा घरी काढावी ज्याने त्यांना निवडलेले नाही. गिर्यारोहक मंडळांच्या पुष्कळ विश्रामगृहांत, रखवालदार खाली गेल्यावरही, एक हिवाळी खोली वापरासाठी ठेवलेली असते. तेथे कांबळी असतात, चूल आणि फोडलेली लाकडे असतात, आणि रकमेसाठी एक पेटी असते. पैसे टाकले की नाही हे पाहण्यास कोणी नसते. त्या पेटीत रक्कम टाकणाऱ्याला हे कळते की तो खोलीचे भाडे भरीत नसून आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाच्या लाकडांची तरतूद करीत आहे.

सेंट बर्नार्डला आता रात्रीचे शुल्क असते आणि आगाऊ कळवून जाणे इष्ट असते. त्यात मला काही उणे वाटत नाही. मात्र तेथील पाहुण्यावर एक कर्तव्य येते, ते भाड्याच्या हॉटेलातील पाहुण्यावर तितक्या तीव्रतेने येत नाही. हजार वर्षे या घराचा नियम असा की वाटेवर कोणी अडकले तर त्याला शोधण्यास आतला माणूस बाहेर पडतो; म्हणजे पाहुण्याचा निष्काळजीपणा यजमानाच्या प्राणावर बेतू शकतो. दाव्होस येथील हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात नित्य हिमप्रपाताच्या धोक्याचे पत्रक काढते, आणि त्यात धोका पाच पायऱ्यांनी दर्शवलेला असतो. निघण्यापूर्वी ते पत्रक वाचणे हा मी आतिथ्यधर्माचाच भाग समजतो. आणि ज्या सकाळी त्याने चौथी पायरी दाखवली असेल त्या सकाळी, रजा वाया गेली, आरक्षणाची रक्कम बुडाली, तरी खालच्या गावातच थांबावे, आणि आपण येत नसल्याचे वर वेळेवर कळवावे, म्हणजे न आलेल्या पाहुण्याच्या शोधात त्या घळीत कोणाला उतरावे लागणार नाही.